गारटेकावरचा सातवा खडा

रविवार, ९ मार्च २००३

धनश्रीताई, वही हातात देऊन तुम्हाला आज पंधरा दिवस होत आले आणि उजवीकडचं पहिलं पान मी आत्ता लिहितोय, त्याची माफी असावी. आळस नव्हता. चौथीतून शाळा सुटली, त्यानंतर सहीपलीकडं हातानं काही लिहिलं नाही. पहिली ओळ काय लिहावी यातच दिवस गेले. तुम्ही सांगितलं होतं, डाव्या पानावर आकडे, उजव्या पानावर मनाला येईल ते लिहा आबा, कोणतं झाड फुललं, कोणतं पाखरू दिसलं, मी पावसाच्या तोंडाशी सगळं एकदम वाचीन. आकडे रोज लिहिलेत. एकही दिवस चुकला नाही, हे आधी बघा.

इथं बरं चाललंय. खरं म्हणजे फारच बरं. सणसवाडीला लेकीकडं एका खोलीत आम्ही पाच माणसं. जावई रात्रपाळी करून दिवसा झोपला की मी खोकलासुद्धा तोंडात दाबून धरायचो. लेक म्हाळसा काही बोलत नाही, पण भांडी जरा जोरात ठेवते. इथं डोंगराच्या मध्यावर दगडाची खोली, वर पत्रा, दारात हिवराचं झाड, आणि खोकायला अख्खा गारटेक डोंगर मोकळा. पहिल्या दिवशी तुमच्या मंडळींनी माझी ट्रंक डोक्यावर घेऊन वर आणली आणि रुद्रनं दारावर खडूनं ‘आबांची वेधशाळा’ असं लिहिलं. ते मी पुसलेलं नाही.

काम अंगवळणी पडलंय. सकाळी सहाला आणि दुपारी दोनला अर्धा तास चढून माथ्यावर जायचं. पांढऱ्या पेटीतलं थर्मामीटर बघायचं, आकडा लिहायचा, मग शेजारच्या कातळात कोरलेल्या टाक्यात रंगाच्या खुणा केलेला बांबू उभा धरून पाणी मोजायचं. डोंगर दरसाल किती तापतो, पाणी किती लवकर आटतं, हे पुण्यातल्या शास्त्रज्ञांना एकट्यांना कळत नाही, म्हणून तुमच्यासारखे डोंगर चढणारे ठिकठिकाणी मोजतात, हे तुम्ही समजावलंत. मला ते पटलं. मेंढरांमागं जन्म गेला, कुठलं पाणी कधी आटतं हे आम्हीही ध्यानात ठेवायचो, फक्त लिहीत नव्हतो.

चष्म्याबद्दल उपकार आहेत. पोटच्या लेकीनं केलं नाही ते तुम्ही केलंत, पण हे म्हाळसाला सांगू नका.

गुरुवार, १३ मार्च

तुमचा जीपवाला सिद्दीकभाई पायथ्याला आला होता. ज्वारी, तेल, चहापत्ती देऊन गेला. दर गुरुवारी येणार म्हणतो. त्यानं विचारलं, आबा, वर भीतीबिती वाटत नाही का, अकेले? मी म्हटलं, माणसांत राहून आलोय, आता कशाची भीती. तो हसला. भला माणूस आहे, पण बिडी फार ओढतो.

टाक्यातलं पाणी आज एक्केचाळीस खुणा. तुम्ही वही दिलीत तेव्हा अठ्ठावन्न होतं. हे टाकं कधी आटलेलं मी ऐकलं नाही. बहात्तरच्या दुष्काळात आमची मेंढरं याच्या पायथ्यावरून गेली, तेव्हासुद्धा भरलेलं होतं असं वडील म्हणायचे. मात्र मेंढरं त्यावर पाजायची नाहीत, हेही म्हणायचे. का, ते मी विचारलं नाही.

पत्र्याचा एक खिळा ढिला आहे. वारा आला की वाजतो.

रविवार, १६ मार्च

आज तुम्ही सहाजण आलात. सहा वर, सहा खाली.

माझी मोजायची पद्धत बघून तुम्ही सगळे हसलात, म्हणून लिहून ठेवतो. आमच्यात मेंढरू तोंडानं मोजत नाहीत. वाघरीच्या, म्हणजे मेंढरं कोंडायच्या जाळीच्या, तोंडाशी उभं राहायचं, एक मेंढरू गेलं की एक खडा. माझ्याकडचे खडे घोडनदीतले आहेत, काळे, वडलांच्या हातचे. पायवाट माझ्या दारातूनच जाते, म्हणून तुम्ही वर जाताना माणशी एक खडा डब्यात टाकतो आणि उतरताना माणशी एक काढतो. डबा रिकामा झाला की माझ्या जिवाला थंडावा. कुणी कड्यावरून घसरलं, उन्हानं पडलं, तर डबा मला सांगेल. रुद्र म्हणाला, आबा, आम्ही काय मेंढरं हाय का ओ? तुम्ही त्याला म्हणालात, तू तर हायेसच, आवाज काढून दाखव. त्यानं काढला. बराच बरा काढला.

ताई, एवढं ध्यानात ठेवा. थर्मामीटर चुकलं तर चुकू दे, पण तुम्ही जितके वर जाता तितके खाली आलेच पाहिजेत. मी इथं त्यासाठी आहे असं मी धरून चालतो.

गुरुवार, २० मार्च

पाणी एकोणतीस. आकड्यात काहीतरी गडबड आहे, माझी का थर्मामीटरची कळत नाही. दुपारी दोनला खोलीपाशी दगडावर पाय ठरत नव्हता. वर पेटीत सव्वीस. मी चष्मा पुसून तीनदा पाहिलं. टाक्याच्या कडेला उभं राहिलं तर पोटऱ्यांना गार लागतं, रांजणाला टेकून उभं राहावं तसं. जसं पाणी उतरतंय तसं गारवा वाढतोय. उलटं व्हायला पाहिजे ना?

मी आहे तोच आकडा लिहिला. खोटा लिहिणार नाही. सिद्दीकभाईपाशी तुम्हाला चिठ्ठीवरही तेच आकडे धाडलेत.

सोमवार, २४ मार्च

काल मंडळी आली नाहीत, तुमच्या शाळेची परीक्षा होती. फक्त सिद्दीकभाई आला आणि तुमचा निरोप सांगितला. निरोप गोड शब्दांत होता, पण मला लागायचा तो लागला. आकडे जुळत नाहीत, आबांना म्हणावं चष्मा लावून सावकाश बघा, असा. पुण्याहून कुणीतरी विचारलं म्हणे, तुमचा वरचा माणूस वाचता येणारा आहे का.

रात्रभर डोळा लागला नाही. चूक माझी असेल तर तुम्ही दुसरा माणूस बघाल. दुसरा माणूस बघितला तर मला सणसवाडी. आज दुपारी पेटीत बावीस. चष्मा लावूनच. पाणी तेवीस.

शुक्रवार, २८ मार्च

खालच्या वस्तीवर गीताबाईकडं ताक आणायला गेलो होतो. ती नव्वदीची असेल, कान शाबूत आहेत. तिला सहज पाण्याचं बोललो. तिनं हातातलं काम टाकलं. मग म्हणाली, त्ये पाणी न्हाई आबा, झाकण हाय. पाणी हाय तवर झाकण हाय. मी विचारलं, कशावरचं झाकण? ती म्हणाली, तिच्या सासूनं तिला एवढंच सांगितलं होतं आणि पुढं विचारलं तेव्हा थोबाडीत दिली होती. मग म्हणाली, आन् तुमी रोज बांबू घालून ढवळताय व्हय?

मी ढवळत नाही. मोजतो.

ताक नेऊ दिलं, पण भांडं परत आणू नका म्हणाली.

रविवार, ३० मार्च

हे पान नीट वाचा.

आज तुम्ही सहा वर गेलात. सहा काळे खडे मी एकेक करून डब्यात टाकले, प्रत्येकाचं तोंड बघून. तुम्ही सगळ्यात पुढं, रुद्र सगळ्यात मागं. दुपारी साडेबाराला उतरलात. उन्हामुळं सगळ्यांनी टॉवेल डोक्यावरून तोंडावर घेतले होते. मी दारात बसून एकेकाला एकेक खडा काढत होतो. सहावा काढला, डबा रिकामा झाला, आणि आणखी एक माणूस माझ्यासमोरून गेलं.

परकं कुणी नव्हतं, ताई. तेच मला कळेना. सातही जणं मला ओळखीची वाटली. चाल ओळखीची, अंगकाठी ओळखीची. मागून मनातल्या मनात नावं घेतली तर नावं सहाच होतात.

आणि मग मी ते केलं. मला वाटलं, चढतानाच एक चुकला असणार. थर्मामीटरचं तसं झालेलं, आता मोजणीतही चूक निघाली तर आबा कामातून गेला असंच म्हणतील. हाताशी दारातली एक गारगोटी होती, पांढरी. मी ती उचलली आणि खड्यांच्या पिशवीत टाकली. वहीत सात वर, सात खाली लिहिलं.

पायथ्याला जाऊन सिद्दीकभाईला विचारलं तर तो म्हणाला, छे बसलेत, रोजचेच सहा. तुम्ही जीपमधून हात केलात.

तुम्हाला हे हसण्यासारखं वाटेल. आमच्यात चुकलेलं मेंढरू कळपात घुसलं तर त्याचा खडा टाकत नाहीत. हाकलून देतात किंवा मालक येईपर्यंत वेगळं बांधतात. कारण खडा टाकला की ते आपलं झालं. त्याचं चारापाणी आपल्यावर, राखण आपल्यावर, आणि त्यानं काही नासलं तर तेही आपल्यावर. लहानपणापासून मला हे माहीत आहे. तरी हात गेला.

सोमवार, ३१ मार्च

दुपारचं मोजून उतरत होतो. माझ्या मागं कुणीतरी उतरत होतं. मी थांबलो की एक पाऊल जास्त वाजायचं आणि मग थांबायचं. मेंढरू तसंच थांबतं.

मागं वळून बघितलं. तापलेल्या कातळावर ओली पावलं होती. माणसाची. बघता बघता वाळली.

पाणी चौदा. पेटीत सतरा.

बुधवार, २ एप्रिल

ते दिवसभर खोलीच्या मागं असतं. दिसत नाही. भिंत तिथं गार लागते आणि ओल धरते, माणूस पाठ टेकून बसल्यासारखी. भर उन्हात. मी भाकरी थापली की ओल दाराच्या बाजूला सरकते.

माझ्याकडून त्याला काय पाहिजे ते मला कळतं. कळपातलं आहे, चारापाणी मागतं.

मी बाहेर तांब्याभर पाणी ठेवलं. ठेवायला नको होतं. दुपारी तांब्या कोरडा होता, आतून पुसल्यासारखा. मग रांजण. काल भरलेला रांजण.

शुक्रवार, ४ एप्रिल

काल सिद्दीकभाई आला तेव्हा सगळं सांगणार होतो. तो हिवराखाली उभा राहून म्हणाला, आबा तुमच्याकडं बडी ठंडक आहे हो, आणि भिंतीला पाठ टेकायला निघाला. मी त्याला ओढलं. म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय असं त्यानं तुम्हाला सांगितलं असेल तर तसं नाही. सांगायला तोंड उघडलं आणि सणसवाडीची खोली दिसली.

आज गीताबाईकडं गारगोटी घेऊन गेलो. तिनं उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. टाकून देऊ का म्हटलं तर म्हणाली, टाकल्यानं मेंढरू जातं व्हय? तुमी धनगर का म्या? दुसऱ्याच्या कळपात घाला.

बरोबर आहे. दुसऱ्याच्या कळपात घालायचं तर घेणाऱ्यानं आपल्या हातानं खडा उचलायचा आणि देणाऱ्यानं हो म्हणायचं. एवढाच व्यवहार. पण वस्तीवर आता कळप कुणाचा आहे? या दुष्काळात शेवटची मेंढरं माघातच विकली.

पाणी सहा.

रविवार, ६ एप्रिल

तुम्ही आलात. सहा.

मी म्हटलं आज वर जाऊ नका, ऊन फार आहे. रुद्र म्हणाला, ऊन मोजायलाच तर आलोय ओ आबा. सगळे हसले. मी डबा पुढं ओढला.

तुम्ही पाणी प्यायला दारात बसलात. माझी तब्येत विचारलीत. म्हणालात, आबा किती वाळलात, जेवता की नाही, पुढच्या वेळी तुम्हाला शिरूरला डॉक्टरकडं नेते. मग पिशवीतून खडे हातावर घेऊन बघत होतात. पांढरी गारगोटी उन्हात धरलीत आणि म्हणालात, किती छान आहे, शाळेतल्या मुलांना दाखवते, ही मी नेऊ का?

मी मान हलवली.

ताई, मी हो म्हणून मान हलवली. तोंडात ‘नाही’ आलं होतं. पण त्याच वेळी माझ्या पाठीमागची भिंत कोरडी झाली, आठ दिवसांत पहिल्यांदा पाठीला ऊब लागली, आणि मी गप्प बसलो. तुम्ही गारगोटी खिशात टाकून वर गेलात आणि मी ऊब घेत बसलो.

सहा उतरले. सहा खडे. डबा रिकामा.

सोमवार, ७ एप्रिल

डबा रिकामा झाला म्हणून काल मी जेवलो आणि झोपलोसुद्धा. आज पहाटे उठून बसलो ते एकाच गोष्टीनं.

काल तुम्ही सगळ्यांत शेवटी उतरलात. टॉवेल तोंडावर. दर रविवारी उतरताना माझ्यापाशी बसून डाव्या पानावरचे आकडे तुमच्या डायरीत उतरून घेता. काल थांबला नाहीत. वहीकडं बघितलंही नाही. मी हाक मारली तर वळला नाहीत. आणि तुमच्या बुटांतून पाणी येत होतं.

वर पाणी चारच होतं. बूट बुडेल एवढं पाणी टाक्यात नाही.

सहा गेले, सहा आले. पण सहातली सहावी कोण?

दुपारी दोन. वर गेलो नाही. वरून हाक आली. आबा, काडीचं खालचं टोक बघायचं, किती आलं? पहिल्या दिवशी थर्मामीटरमधली काडी वाचायला तुम्ही शिकवलंत तसंच. तुमचाच आवाज. दमलेला.

मंगळवार, ८ एप्रिल

पाबळला चालत जाऊन फोन केला. तुमच्या आईनं उचलला. मी विचारलं, ताई घरी आहेत का? त्या म्हणाल्या, आहे की, रविवारी आल्यापासून झोपूनच आहे, बोलत नाही काही, ऊन बाधलं असणार. मग म्हणाल्या, आबा, तिथं काय खाल्लं हो तिनं? पाणी किती पिते. पिंप संपलं. हंडे संपले. शेजारून आणून देतेय.

मी म्हटलं, तिला फोनवर बोलवा. त्या बोलवायला गेल्या. पावलं आली. फोन उचलल्याचं कळलं. तिकडून कुणी बोललं नाही. फोनात टाकायची नाणी संपेपर्यंत मी ताई ताई करत राहिलो.

परत आलो तर वरून हाक चालूच. आबा. किती आलं. आबा.

ताई, खाली घरात तुम्ही असाल तर वरचं ते हाक मारणारं खोटं आणि मी वर जाता कामा नये. वर तुम्ही असाल तर दोन दिवस झाले, पाण्याशिवाय, या उन्हात, आणि मी खाली बसून लिहितोय. माझ्या एका मानेमुळं.

बुधवार, ९ एप्रिल

सकाळी — हाक बारीक झालीय.

दहा वाजता वर पेटीपर्यंत गेलो. पुढं गेलो नाही. तिथून टाकं दिसतं. कोरडं आहे. तळ दिसला नाही. खाली पायऱ्या आहेत, ताई, पाण्याखाली पायऱ्या होत्या, मी रोज बांबू पहिल्या पायरीवरच टेकवत होतो —

वार्‍याशिवाय पेटीचं दार हलत होतं.

परत आलो. पाण्याची बादली भरून घेतलीय. भाकरी बांधलीय. तुम्ही असाल तर —

चार वाजता. हाक थांबली.

साडेपाच. ऊन अजून आहे. पायवाटेवर पावलं. उतरतायत. देवा, आल्या ताई. दार लोटून फटीतून बघतोय. एक खडा हातात घेतलाय. टॉवेल तोंडावर आहे, चाल तुमचीच —

मागं अजून एक आहे. दोन. तीही चाल तुमची.

तीन. चार.

सगळे खडे टाकले. चुलीपाशी खडे होते तेही. एकामागं एक येतायत, वळणापर्यंत रांग आहे, कातळ सगळा ओला — आणि सगळ्यांची चाल —

ताई, यात एक तुम्ही आहात का? दार कुणाला उघडू? उद्या सिद्दीकभाई येईल, त्याच्यापाशी तुमच्या हातचं दोन ओळी लिहून धाडा. उद्या नको. आजच. लवकर निरोप धाडा, मी दाराला पाठ लावून बसलोय, पाठीला गार —